अद्भुत कोणते आणि कौटुंबिक कोणते?

दूरचित्रवाणीवरील मालिकांची जी वर्गवारी आपल्या सुशिक्षित समाजात रूढ झाली आहे, ती आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्याविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. सायंकाळी सातापासून रात्री साडेदहापर्यंत एकीच्या शेपटीला दुसरी बांधून ज्या चालतात त्या मालिका ‘कौटुंबिक’. आणि ज्यांत परी, राक्षस, जादूची पेन्सिल, उडणारा पुरुष किंवा भविष्यकाळातून आलेले मांजर असते त्या ‘मुलांच्या’, म्हणजे कल्पित, म्हणजे खोट्या, म्हणजे शहाण्या माणसाने मनावर न घेण्याजोग्या. पहिल्या वर्गातील मालिका रडक्या असतील, लांबट असतील, पण त्यांत निदान आपल्यासारखे घर असते, सासू असते, सून असते, असे त्यांचे कैवारी सांगतात. दुसऱ्या वर्गातील मालिका पाहून मुले हवेत इमले बांधू लागतात व अभ्यासातून त्यांचे लक्ष उडते, हेही बहुधा तेच लोक सांगतात.

आमचे मत याच्या नेमके उलट आहे आणि ते आडपडदा न ठेवता आरंभीच सांगून टाकतो. ज्यांस आपण कौटुंबिक म्हणतो त्या मालिकाच आज निखळ अद्भुत होऊन बसल्या आहेत, आणि तेही निकृष्ट प्रतीचे अद्भुत. उलटपक्षी कुटुंब म्हणजे काय व घरात लहान माणसाच्या वाट्यास काय येते, याविषयी या पेटीने जे थोडेबहुत खरे सांगितले, त्यातला बराच मोठा वाटा मुलांच्या अद्भुत मालिकांचा आहे. मराठीने हा दुसरा प्रकार जवळजवळ टाकून दिला आणि पहिल्याची शेती आठवड्याचे सहा दिवस चालविली, ही आमची तक्रार आहे.

अद्भुत म्हणजे ज्यात वाटेल ते घडते ते, अशी समजूत आहे. ज्याने बालपणी आजीच्या कुशीत निजून गोष्टी ऐकल्या असतील त्यास विचारा. अद्भुतकथेइतकी नियमांची कडक कथा दुसरी नाही असेच तो सांगेल. राक्षसाचा प्राण सातासमुद्रांपलीकडच्या पोपटात असला, तर तो पोपट हाती लागेपर्यंत राजपुत्राने कितीही पराक्रम केला तरी राक्षस मरावयाचा नाही. वर तीन मिळाले तर तीनच. चौथा मागून मिळत नाही. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये, ही अट आमच्या श्रावणातल्या कहाण्यांत देवादिकांनाही चुकली नाही, आणि वसा टाकणारी राणी देशोधडीस लागल्यावाचून राहिली नाही. जादूला किंमत असते, मुदत असते, आणि गोष्टीला शेवट असतो. या तीन गोष्टी ज्यात आहेत ते उत्तम अद्भुत; ज्यात तिन्ही नाहीत ते नुसते भ्रमिष्टाचे बोलणे.

हा मापदंड घेऊन आपण आपल्या सभ्य, कौटुंबिक मालिकांकडे पाहू. २००० सालच्या जुलै महिन्यात स्टार प्लस वाहिनीवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका सुरू झाली आणि २००८ च्या नोव्हेंबरपर्यंत तिचे अठराशेहून अधिक भाग झाले. तीत नायिकेचा पती मिहिर मरण पावला. देशभर हलकल्लोळ झाला, आणि मिहिर परत आला. त्याला कोणी संजीवनी दिली नाही, यमाशी कोणी वाद घातला नाही. सावित्रीला जे करण्यासाठी तीन दिवस उपोषण करून अरण्यात पायपीट करावी लागली, ते येथे प्रेक्षकांच्या मागणीने परस्पर झाले. पुढे कथेने एका रात्रीत वीस वर्षांची उडी घेतली. मुले तरुण झाली, तरुण प्रौढ झाले, आणि घरातली वृद्ध ‘बा’ जेथे होती तेथेच राहिली. आपल्या पुराणांनी चिरंजीव सात सांगितले आहेत. आठवे स्थान तिला द्यावयास हरकत नाही. एवढ्यावरही त्या कथेचे समाधान झाले नाही व २०२५ साली तिने नवा जन्म घेतला. आता यास कौटुंबिक म्हणावयाचे आणि परीकथेस थापा म्हणावयाचे, हा न्याय कोठला?

मराठी वाहिन्यांनी हा नमुना उचलला आणि त्याला नऊवारी नेसविली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका झी मराठीवर २०१६ पासून २०२१ पर्यंत चालली. एका पुरुषाचा व्यभिचार हा विषय गंभीर आहे. एखाद्या लेखकाने त्यावर तीन अंकी नाटक लिहिले असते तर प्रेक्षक अंतर्मुख होऊन घरी गेले असते. येथे तो विषय पाच वर्षे दळण्यात आला, आणि त्या दळणातून नायिका मसाल्यांच्या धंद्यात पाहता पाहता कोट्यवधींची मालकीण होऊन बाहेर पडली. अलिबाबाला निदान गुहेपाशी परवलीचा शब्द लक्षात ठेवावा लागला, आणि त्याच्या भावाला तो विसरल्याबद्दल प्राण गमवावा लागला. भांडवल कोठून आले, कर्ज कोणी दिले, माल कोणत्या दुकानदाराने उधारीवर ठेवला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्या कौटुंबिक मालिकेस द्यावे लागत नाही.

या मालिकांतील घरे एकदा नीट न्याहाळावी. दिवाणखाना प्रशस्त असतो, आणि त्यात आठ माणसे एका रांगेत उभी राहून एकमेकांकडे आळीपाळीने पाहात असतात. पहिल्या तारखेला पगार होत नाही व पंचवीस तारखेला तो संपत नाही. मुलाच्या शाळेची फी भरावयाची राहिलेली नसते. भांडी कोण घासते, याचा पत्ता लागत नाही. बायका पैठणी नेसून व दागिने घालून स्वयंपाकघरात शिरतात आणि कढईला हात न लावता दुसरीच्या दुधात काही तरी मिसळून बाहेर येतात. आजार येतात ते स्मृतिभ्रंशाचे. कुणाला साधी कावीळ झाली आणि आठ दिवस मुगाचे कढण करून द्यावे लागले, असे घडत नाही. यांत जे ‘आपल्यासारखे’ दिसते ते फक्त मंगळसूत्र.

पूर्वीही असेच होते काय? दूरदर्शनचे मुंबई केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ त्यावर आले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी त्यांस देह दिला. त्या घरात पैशांची ओढाताण होती, पाहुणे होते, फजिती होती, आणि मुले मुलांसारखी होती. १९८४ साली ‘हम लोग’ आली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या त्या मालिकेत बापाचे दारूचे व्यसन होते, मुलींच्या लग्नाची विवंचना होती, बेकारी होती. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखे दोन शब्द बोलत. १९८५ च्या डिसेंबरात ती मालिका संपली. ‘संपली’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे अल्फा मराठीवर २००१ साली आलेले ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ हेही असेच आठवड्यास एकदा येणारे, तीन पिढ्यांचे, लहानसहान प्रसंगांचे घर. आबा टिपऱ्यांच्या घरात वर्षानुवर्षे कोणाचा खून झाला नाही, आणि तरीही लोक ते पाहात होते. आज ते पुन्हा दाखविले तरी पाहतात.

तेव्हा दोष मराठी माणसाच्या अभिरुचीचा नव्हे. रोज अर्धा तास भरलाच पाहिजे, आणि दर आठवड्यास किती घरांनी आपल्याला पाहिले याचा आकडा पुढे येऊन त्यावर जाहिरातीचा भाव ठरला पाहिजे, अशी व्यवस्था एकदा झाली, म्हणजे कथेचा शेवट हा धंद्याचा तोटा ठरतो. ज्या कथेला संपण्याची मनाई आहे तीत पापाला शासन होऊ शकत नाही, कारण शासन झाले तर उद्या दुष्ट माणूस कोठून आणावयाचा? तीत पश्चात्ताप टिकत नाही, समेट टिकत नाही, मरणसुद्धा टिकत नाही. कीर्तनकाराला पूर्वरंगावरून उत्तररंगावर यावेच लागते व शेवटी आरती करून श्रोत्यांस घरी पाठवावे लागते. आमच्या कौटुंबिक मालिकेचे कीर्तन पूर्वरंगातच पाच पाच वर्षे घुटमळते.

आता दुसरी बाजू. १९८५ साली रामानंद सागरांनी ‘विक्रम और बेताल’ दूरदर्शनवर आणली. आजच्या दृष्टीने तिच्यातील चमत्कार पोरकट दिसतात. बेतालाचे पांढरे केस आणि त्याचे ते उडणे पाहून आजचा आठ वर्षांचा मुलगा हसेल. परंतु सोमदेवाच्या कथासरित्सागरापासून चालत आलेली तिची चौकट पाहा. दर भागात एक गोष्ट, गोष्टीच्या शेवटी न्यायाचा एक पेच, आणि राजापुढे कात्रीची अवस्था: उत्तर ठाऊक असून मौन राखले तर मस्तकाची शंभर शकले, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. आठवड्यातून एकदा आठ-दहा वर्षांच्या मुलांना कोणाचा हक्क मोठा, कोणाचा त्याग खरा, हे ठरवावयास बसविणारी यापेक्षा चांगली शाळा आम्हांस ठाऊक नाही. तेव्हा घरोघर वडील माणसेही त्या प्रश्नाच्या उत्तरावरून मुलांशी वाद घालीत. ‘कौटुंबिक’ हा शब्द तेथे शोभला असता.

ज्या वर्षी आणि ज्या वाहिनीवर ती सासू-सुनांची मालिका अवतरली, त्याच २००० सालात त्याच स्टार प्लसवर ‘सोन परी’ सुरू झाली. तिच्यातील परीचे काम मराठी रसिकांस परिचित असलेल्या मृणाल कुलकर्णी यांनी केले. फ्रूटी नावाच्या लहान मुलीची आई मेलेली आहे. घर आहे, वडील आहेत, खाणेपिणे आहे; आई नाही. परी येते ती या रिकाम्या जागेत येते. मालिकेतील पुष्कळसे प्रसंग सामान्य होते, विनोद कित्येकदा हडेलहप्पी होता, आणि दुष्ट परीचे सोंग तर जत्रेतल्या सोंगासारखे वाटे, हे सारे कबूल. पण एक गोष्ट तिने कधी केली नाही: मेलेल्या आईला प्रेक्षकांच्या आग्रहास्तव उठवून आणले नाही. परीने सोबत केली, अडचणीतून सोडविले, जे गेले ते मात्र गेले. एकाच वाहिनीवरील या दोन मालिका शेजारी ठेवून पाहा. मृत्यू जेथे खरा होता ती मालिका परीची. जेथे खोटा होता ती सुनेची. मुलांना पोरकेपण सोसता येते, मोठ्यांना सोसवत नाही, असा काही तरी निष्कर्ष वाहिनीच्या चालकांनी काढला असावा.

त्याच सुमारास ‘शाका लाका बूम बूम’ या मालिकेतल्या संजूला जादूची पेन्सिल सापडली. जे काढावे ते खरे होई. वरवर पाहता ही आळसाला उत्तेजन देणारी कल्पना. पण तीत चित्र काढावे लागते, आणि पेन्सिल वाईट माणसाच्या हाती पडू नये म्हणून जपावे लागते. हाती आलेली शक्ती कशासाठी वापरावयाची, हा प्रश्न मुलापुढे रोज उभा राहतो. आमच्या कौटुंबिक मालिकेतील संपत्तीच्या मालकांपुढे तो कधी उभा राहिलेला दिसत नाही.

आणि आता ज्याच्यावर आई-बापांचा विशेष राग, त्या निळ्या मांजराविषयी. ‘डोरेमॉन’ ही मुळात जपानी चित्रकथा; १९६९ साली तिचा आरंभ झाला, १९७९ पासून जपानी दूरचित्रवाणीवर ती स्थिरावली, आणि २००५ पासून हिंदी बोलत ती आपल्या घरांत शिरली. तिची मूळ कल्पना किती आहे, हे फार थोड्या पालकांनी पाहिले असेल. नोबिता हा आळशी, भित्रा, परीक्षेत शून्य मिळविणारा मुलगा. त्याने पुढे आयुष्याचे असे मातेरे केले की त्याचे कर्ज पिढ्यान् पिढ्या फिटेना. म्हणून बाविसाव्या शतकातल्या त्याच्या खापरपणतवाने हे यंत्रमांजर मागे पाठविले, की बाबा, तू वेळीच सुधार. पितृऋण हा शब्द आम्ही ऐकला आहे. पूर्वजांनी वंशजांचे ऋण करून ठेवणे ही कल्पना एखाद्या मराठी मालिकाकाराला सुचली असती तर आम्ही त्याचा सत्कार केला असता.

पुढे जे घडते ते तर आजीच्या गोष्टीच्या नियमानेच घडते. मांजर आपल्या पोटाच्या खिशातून एक अजब वस्तू काढते; नोबिता तिचा उपयोग करतो, मग मोह होऊन दुरुपयोग करतो, आणि भागाच्या शेवटी ती वस्तू त्याच्यावरच उलटते. गृहपाठ मात्र राहिलेला असतो तो राहतोच, आणि आईची बोलणीही चुकत नाहीत. हे घर पाहा: लहानसे दुमजली, बाप कचेरीतून थकून येणारा, आई भाजी आणावयास जाणारी व मुलाचे गुणपत्रक हाती पडताच आवाज चढविणारी, गल्लीत दादागिरी करणारा जियान, बापाच्या पैशाचा तोरा मिरविणारा सुनियो. खिशात पैसे नसणे, पावसाळी सुट्टी कंटाळ्यात जाणे, मित्रांनी खेळात न घेणे, या मध्यमवर्गीय बालपणाच्या खऱ्या घटना त्यात आहेत. टोकियोचे हे कल्पित घर आमच्या दादर-सदाशिवपेठेला सात वाजताच्या मराठी घरापेक्षा जवळचे आहे. त्यात तोचतोचपणा नाही असे आम्ही म्हणत नाही, नोबिताच्या रडण्याचा आम्हांसही वीट येतो, आणि एका दमात चार भाग पाहू देणे हे चार लाडू एकदम खाऊ देण्यासारखे आहे. पण लाडवात विष आहे, हे म्हणणे निराळे.

विषाचा आरोप सर्वांत मोठा झाला तो ‘शक्तिमान’वर. मुकेश खन्ना यांची ही मालिका १९९७ पासून २००५ पर्यंत दूरदर्शनवर चालली. तिचे अनुकरण करून मुले स्वतःस इजा करून घेतात अशी ओरड झाली, आणि चालकांनी मुलांस सावध करणारे व चांगल्या सवयी सांगणारे दोन शब्द भागाच्या शेवटी जोडले. हे योग्यच झाले. मुलाला एकट्याने पेटीपुढे बसवून आपण दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या पालकांस कोणी दोन शब्द जोडले नाहीत, एवढेच न्यून राहिले. बरे, कल्पित व खरे यांतला भेद कोणास कळत नाही? ‘खोटं खोटं’ या शब्दाचा शोध मुलांनीच लावला आहे. भातुकलीत वाढलेला चुरमुऱ्यांचा भात खरा समजून कोणतेही मूल जेवणावर पाणी सोडीत नाही. १९८७ साली ‘रामायण’ लागताच दूरदर्शनच्या संचास हार घालणारी माणसे मुले नव्हती. आणि खलनायिकेचे काम करणारी नटी बाजारात भेटली असता तिला खडसावणाऱ्या बायकाही शाळकरी नसतात. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. तो डोळ्यांपुढे ठेवून कोणी मालिका तपासावयास बसले, तर संजूच्या पेन्सिलीपेक्षा घरगुती मालिकांतल्या लिंबू-मिरच्या, उतारे आणि अमावास्या यांपाशीच त्याला अधिक वेळ थांबावे लागेल.

मुख्य दुखणे मात्र पुढेच आहे, आणि ते भाषेचे आहे.

एक काळ असा होता की, एकच वाहिनी असूनही मुंबई दूरदर्शनवर ‘किलबिल’सारखा मुलांचा मराठी कार्यक्रम होता, ना. धों. ताम्हनकरांचा अनाथ पण बुद्धिमान ‘गोट्या’ राजदत्तांच्या दिग्दर्शनाखाली घरोघर पोहोचला होता, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, अर्थात फास्टर फेणे, सुमीत राघवनच्या रूपाने पडद्यावर धावला होता. १९९९ च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झाली, मागून आणखी वाहिन्या आल्या, मराठीला चोवीस तासांचे अंगण मिळाले. त्या अंगणात मुलांना काय मिळाले? गाण्याच्या स्पर्धा मिळाल्या, आणि त्यांत पोरांनी नाट्यगीते व लावण्या गाऊन वडिलांच्या डोळ्यांत पाणी आणले. गाणे चांगले होते, पण ते वडिलांसाठी होते. जिचे नाव दहा मराठी मुलांनी एका दमात घ्यावे अशी मराठीत जन्मलेली अद्भुताची मालिका गेल्या पंचवीस वर्षांत किती झाली, हे वाचकांनी आपल्याच घरात विचारून पाहावे. आमच्या फेण्याचे नशीब तर पाहा: २०१७ साली तो चित्रपटात परत आला, चित्रपट चांगला चाललाही, पण तेथे तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण झाला होता. मराठीत एक धाडसी मुलगा होता, त्यालाही आपण मुलगा राहू दिले नाही.

परिणामी आमच्या मुलांची स्वप्ने हिंदीत पडू लागली आहेत. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि उडावयाचे, लढावयाचे, अदृश्य व्हावयाचे झाले की हिंदी, अशी त्यांच्या जिभेची वाटणी झाली आहे. हिंदीशी आमचे वैर नाही. परंतु ज्या भाषेत मूल कल्पना करीत नाही ती भाषा त्याला केवळ जेवावयास बोलावणारी व अंघोळीला पिटाळणारी भाषा होते. बांगलादेशाने २०१३ साली हिंदी डोरेमॉनचे प्रक्षेपण बंद केले. बंगाली मुले आपसांत हिंदी बोलू लागली, हे तेथील राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले होते. बंदी हा आमच्या मते वेडा उपाय आहे. दुखणे त्यांना दिसले, ही गोष्ट मात्र मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांस लाजविणारी आहे. त्यांचे लक्ष दुकानाच्या पाटीवर असते, मुलाच्या झोपेतल्या बडबडीकडे नाही. परकी चित्रे आता काही ठिकाणी मराठी आवाजात मिळतात, हे बरे आहे. उसन्या अंगरख्याने थंडी भागते.

मग कौटुंबिक मालिकेत मूल नसतेच काय? असते, फार असते. ते जन्मतःच इस्पितळात बदलले जाते, त्याच्या ताब्यावरून दोन घरे भांडतात, किंवा ते विधुर आणि एकट्या बाईचे लग्न जुळवून देते. २०२१ साली सुरू झालेल्या ‘माझी तुझी रेशीमगाठ’मधील परी या चिमुरडीने महाराष्ट्राला वेड लावले. तिच्या तोंडी घातलेली वाक्ये आठवा: त्यांत मुलाचा प्रश्न किती आणि मोठ्यांस गोड वाटावे म्हणून रचलेले शहाणपण किती? मूल तेथे मोठ्यांच्या प्रणयाचा पोस्टमन आहे. त्याला मित्र नाहीत, गल्ली नाही, भीती नाही, गुपित नाही. आणि ते काम करणारे खरे मूल दिव्यांच्या उष्म्यात दिवस काढते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसास पाच तासांहून अधिक व विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही, आणि त्याच्या मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावे मुदतठेवीत ठेवावा लागतो. नियम चांगले आहेत. रोजचा भाग रोज पुरा करण्याची घाई आणि पाच तासांची मर्यादा यांचा मेळ कसा बसतो, हे वाहिन्यांनी प्रेक्षकांस एकदा सांगावे.

यावर वाहिन्यांचे उत्तर ठरलेले आहे: मुलांच्या मालिकेस प्रेक्षक नाही, आणि खर्च फार. प्रेक्षक नाही? रत्नाकर मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ हे कित्येक दशकांपूर्वीचे बालनाट्य २०१८ साली रंगमंचावर पुन्हा आले, वैभव मांगले चिंची चेटकीण होऊन उभे राहिले, आणि नाट्यगृहे मुलांनी अशी भरली की एका दिवसात अनेक प्रयोग लावावे लागले. तिकीट काढून, लोकलचा धक्का खाऊन, मुलाला खांद्यावर घेऊन आलेले ते पालक मराठीच होते. ज्या चेटकिणीसाठी लोक पदरचे पैसे मोडून घराबाहेर पडतात, तिला घरात फुकट बसून पाहणार नाहीत, असे कोणत्या शास्त्राने ठरले? खर्चाचे म्हणाल, तर सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘मधुमंजिरी’ उभे केले तेव्हापासून मराठी बालरंगभूमीने पुठ्ठा, कापड आणि रंगीत दिवा यांवर राक्षस उभे केले आहेत. मुलाला राक्षस किती रुपयांचा आहे हे दिसत नाही. तो कशाला भितो, हे दिसले की पुरे.

खाजगी वाहिनी नफ्यासाठी आहे, तिला आम्ही धर्म शिकवू शकत नाही. परंतु सह्याद्री वाहिनी ज्या प्रसारभारतीची आहे, तिच्या १९९० च्या कायद्याने तिच्यावर जी कर्तव्ये घातली त्यांत बालकांच्या हितरक्षणासाठी विशेष उपाय योजणे हे एक कर्तव्य स्पष्ट लिहिलेले आहे. तिला आकड्यांची भीती नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ व ‘शक्तिमान’ पुन्हा लावले तेव्हा घरेच्या घरे त्यापुढे बसली, एवढा अनुभव गाठीशी असता तिने जुन्या गाठोड्यावरच का भागवावे?

राहता राहिले आमचे वाचक. त्यांस ही टीका आवडावयाची नाही. रात्री आठ वाजता रिमोट आजीच्या किंवा आईच्या हाती असतो. मुलाने मध्ये बोलू नये म्हणून त्याच्या हाती मोबाइल देऊन त्याला आतल्या खोलीत पाठविण्यात येते. बाप जेवताना निम्मा इकडे व निम्मा आपल्या मोबाइलमध्ये असतो. जिच्यासाठी कुटुंबाचे तीन तुकडे करून तीन खोल्यांत वाटावे लागतात, तिला आपण कौटुंबिक मालिका म्हणतो. आतल्या खोलीतले मूल हिंदी बोलणारे मांजर पाहात असते, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक शेजारी सांगतात की, हल्लीच्या मुलांना मराठीची गोडी नाही.

आमची मागणी मोठी नाही. सह्याद्रीने वर्षाकाठी तेरा तेरा भागांच्या दोन मालिका मराठीत लिहवून घ्याव्या. लिहिणारे बालनाट्याच्या व बालसाहित्याच्या क्षेत्रातले असावे, सासू-सुनांच्या कारखान्यातले नसावे. भाग आठवड्यास एकच असावा आणि तो रविवारी सकाळी नव्हे, तर रात्री आठ वाजता, सगळी माणसे घरात असताना दाखवावा. त्यात भूत, राक्षस, चेटकीण काय हवे ते असो. घर मात्र असे असावे की ज्यात महिनाअखेर येते. आणि तेराव्या भागाला गोष्ट संपावी.